ती माशी दिवसा चावते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त आफ्रिकेत जाणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत आरोग्यविषयक सूचना आल्या. मलेरिया आणि पीतज्वरावरचा भाग चोख आहे. ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ या नदीकाठच्या, अंधत्व आणणाऱ्या जंतरोगाबद्दलच्या चार ओळी मात्र घोटाळ्याच्या आहेत: नदीचे पाणी उकळून प्या, रात्री मच्छरदाणीत झोपा, शंका आली तर रात्री रक्त तपासून घ्या आणि हत्तीरोगाच्या गोळ्या सोबत ठेवा. या रोगापुरत्या पहिल्या तीन सूचना निरुपयोगी आहेत. चौथी घातक आहे. म्हणून हे पत्र, आणि ते थोडे लांबणार आहे.

घोटाळा कुठून झाला हे कळते. रिव्हर ब्लाइंडनेसचा जंत ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस आणि आपल्याकडच्या हत्तीरोगाचा जंत हे एकाच कुळातले, दोऱ्यासारखे. दोन्ही चावऱ्या किड्यांमार्फत पसरतात. पण हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास गटारात, सेप्टिक टाकीत, साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. ऑन्कोसर्का पसरवते ती सिम्युलियम नावाची काळी माशी. आकार दोन ते पाच मिलिमीटर, पाय आखूड, पाठीला कुबड. पहिल्या नजरेत चिलटच वाटावे. ती साचलेल्या पाण्यात वाढू शकत नाही. तिला खळाळता प्रवाह लागतो, आणि तो का लागतो हे समजले की पुढचे बरेच काही आपोआप समजते.

मादी पाण्यात बुडलेल्या दगडांवर, लोंबणाऱ्या गवतावर, मुळांवर अंडी घालते. अळी दगडावर रेशमाचा चिकट ठिपका टाकते, शेपटाकडच्या बारीक आकड्यांनी तो घट्ट धरते आणि डोक्यावरचे दोन केसाळ पंखे प्रवाहात उघडते. वाहत येणारे कण पंख्यात अडकतात, तेच तिचे अन्न. पाणी स्वतःकडे ओढण्याची सोय तिच्याकडे नाही, त्यामुळे प्रवाह थांबला की अन्न थांबते आणि प्राणवायूही तुटतो. उष्ण प्रदेशात अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, अळी आठ-दहा दिवसांत वाढते, मग चपलेच्या आकाराच्या कोशात दोन-चार दिवस जातात आणि हवेच्या बुडबुड्यात बसून माशी पृष्ठभागावर येते. सगळा प्रकार साधारण पंधरवड्याचा. पूर्व आफ्रिकेतल्या सिम्युलियम नेव्हीच्या अळ्या तर नदीतल्या खेकड्यांच्या पाठीवर चिकटून राहतात. लोक दगड उलटेपालटे करून थकतात आणि अळ्या खेकड्यावर बसून फिरत असतात.

रोग नदीकाठच्या गावांत दिसतो तो माशीमुळे. नदीचे पाणी प्यायल्याने किंवा त्यात पोहल्याने हा जंत अंगात जात नाही. पाणी उकळून प्यावे, पण जुलाब आणि टायफॉइड टाळण्यासाठी.

आता चावा. डास सुई खुपसून सरळ रक्तवाहिनीतून पितो. काळी माशी दातेरी जबड्यांनी कातडी कापते आणि जखमेत साचलेले रक्त व पेशींमधला द्रव पिते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ऑन्कोसर्काची पिले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात फिरत नाहीत. ती कातडीत असतात. माशीच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात. ती चावली त्या क्षणी अनेकदा काही कळत नाही. नंतर रक्ताचा बारीक ठिपका दिसतो आणि सूज व खाज कितीतरी दिवस राहते. चावते फक्त मादी, आणि तीही दिवसा, उघड्यावर. सकाळी आणि दुपार कलल्यावर तिचा जोर जास्त असतो. ती घरात शिरत नाही. त्यामुळे मलेरियासाठी मच्छरदाणी हवीच, या माशीसाठी तिचा उपयोग शून्य.

एका चाव्यात रोग होतो का? क्वचितच, आणि त्याचे कारण माशीच्या दिवसांच्या हिशेबात आहे. मादी तीन-चार दिवसांनी एकदा रक्त पिते आणि मग अंडी घालते. पहिल्या वेळी रोग्याच्या कातडीतून गिळलेल्या पिलांपैकी बहुतेक तिच्या पोटातच मरतात. थोडी आतड्याची भिंत ओलांडून छातीतल्या, उडण्याच्या स्नायूंत पोहोचतात. तिथे ती आखूड-जाड होतात, दोनदा कात टाकतात, पुन्हा लांबतात आणि सुमारे आठवड्याने माशीच्या डोक्याकडे सरकतात. म्हणजे आज पिले गिळलेली माशी पुढच्या चाव्याला अजून तयार नसते, त्यानंतरच्या चाव्याला असते. तेवढे दिवस जगणाऱ्या माशा थोड्याच, आणि त्यातल्या जंत वाहणाऱ्या त्याहून थोड्या. म्हणून आठ दिवसांच्या पर्यटकाला धोका फार कमी असतो. नदीकाठच्या कामावर महिनोन्महिने राहणारा अभियंता, परिचारिका, शांतिसेनेतला जवान यांनी मात्र हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

माणसात शिरलेल्या अळीला प्रौढ व्हायला जवळजवळ वर्ष लागते. प्रौढ मादी ३० ते ५० सेंटिमीटर लांब, नर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. माद्या कातडीखाली गुंडाळी करून बसतात आणि शरीर त्यांच्याभोवती तंतूंची गाठ बांधते. गाठ दुखत नाही, बोटाने हलते. आफ्रिकेत ती बहुधा कमरेच्या हाडाच्या आसपास सापडते, कारण तिथली माशी पायांना चावते. ग्वाटेमालातली माशी अंगाच्या वरच्या भागाला चावे, म्हणून तिथे गाठी डोक्यावर दिसत. १९१५ मध्ये रोडोल्फो रोब्लेस यांनी तिथेच या गाठी आणि डोळ्यांचा विकार यांचा संबंध दाखवला. माशीचा हात आहे हे १९२६ मध्ये डोनाल्ड ब्लॅकलॉक यांनी सिएरा लिओनमध्ये सिद्ध केले.

मादी दहा-पंधरा वर्षे जगते आणि रोज हजाराच्या आसपास पिले सोडते. एक पिलू सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे, आयुष्य वर्ष-दोन वर्षे. गंमत अशी की जिवंत पिलांचा फारसा त्रास होत नाही. त्रास ती मेल्यावर होतो. त्यांच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू वस्तीला असतात. पिलू मेले की ते मोकळे होतात आणि आपली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. कातडीत हे घडले की असह्य खाज, पुढे सुरकुत्या आणि नडगीवर पांढरे चट्टे. डोळ्यांच्या पारदर्शक पटलात वर्षानुवर्षे घडत राहिले की पटल पांढुरके होते. मागच्या पडद्याला आणि दृष्टीच्या मज्जातंतूलाही इजा होते. ही दृष्टी परत येत नाही.

हे वाचून चौथ्या सूचनेतला धोका ध्यानात येईल. हत्तीरोगाची गोळी म्हणजे डीईसी, डायइथिलकार्बामॅझिन. ती मायक्रोफायलेरिया झपाट्याने मारते. हत्तीरोगात हे चालते. कातडी आणि डोळे पिलांनी भरलेल्या माणसात हीच गोळी काही तासांत अंगभर खाज, पुरळ, ताप, गाठींची सूज, कधी रक्तदाब कोसळणे आणि डोळ्यांना कायमची इजा एवढे सगळे घडवू शकते. मॅझोटी प्रतिक्रिया म्हणून ती वैद्यकात प्रसिद्ध आहे. आपल्याकडे हत्तीरोग मोहिमेत आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा तीन औषधांचा एकत्र डोस देतात. नागपूर हा त्यातल्या पहिल्या काही जिल्ह्यांपैकी. तो देता येतो याचे एक कारण आपल्याकडे माणसांत रिव्हर ब्लाइंडनेस पसरत नाही हेच आहे. जिथे तो आहे त्या आफ्रिकी देशांत हत्तीरोगासाठी डीईसी वगळून बाकीची दोन औषधे देतात. विदर्भातल्या घरात उरलेली पाकिटे कॅमेरूनला निघालेल्या मुलाच्या बॅगेत घालू नयेत. संपादक महाशय, एवढी एक दुरुस्ती तरी ठळक छापावी.

मग औषध कोणते? आयव्हरमेक्टिन. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले ते याच कुळातल्या औषधांच्या शोधाबद्दल, आणि मर्क कंपनी १९८७ पासून या रोगासाठी ते फुकट देते आहे. कोविडच्या काळात आपल्याकडे ते कशाकशावर खपले हा वेगळा विषय. मात्रा किलोमागे १५० मायक्रोग्रॅम, पण खेड्यात वजनकाटा कुठून आणायचा? म्हणून उंचीवर खुणा केलेली काठी वापरतात. तीन मिलिग्रॅमच्या गोळ्या ९० ते ११९ सेंटिमीटर उंचीला एक, १४० पर्यंत दोन, १५८ पर्यंत तीन, त्यापुढे चार. ९० सेंटिमीटरपेक्षा ठेंगणी मुले, गरोदर स्त्रिया, प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या बाळंतिणी आणि फार आजारी माणसे यांना सामुदायिक मोहिमेत वगळतात.

या औषधाने पिले कमी होतात आणि मादी काही महिने नवी सोडत नाही, पण ती स्वतः मरत नाही. म्हणूनच वर्षाला एक किंवा दोन मात्रा, आणि त्या दहा-पंधरा वर्षे. मध्येच गावाने गोळ्या सोडल्या की कातडी पुन्हा भरते, माशी पुन्हा जंत उचलते आणि मागची मेहनत वाया जाते. एकट्या रोग्याला बरे करायचे असेल तर डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे देतात, रोज १०० ते २०० मिलिग्रॅम. ते वोल्बाकिया मारते, आणि वोल्बाकियाशिवाय मादी वांझ होते व हळूहळू मरते. आठ वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांना हे देत नाहीत, आणि ते खाडा न करता घ्यावे लागते. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले मॉक्सिडेक्टिन पिलांना जास्त काळ दाबून ठेवते, तरी प्रौढ मादीला तेही मारत नाही.

आयव्हरमेक्टिनलाही एक अडसर आहे. मध्य आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात, म्हणजे कॅमेरून, गॅबन, दोन्ही काँगो या भागांत, लोआ लोआ नावाचा दुसरा जंत आढळतो. तो क्रायसॉप्स या वेगळ्या माशीने पसरतो आणि त्याची पिले रक्तात असतात. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ती ३०,००० च्या वर असतील तर आयव्हरमेक्टिनने मेंदूला सूज येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, मरूही शकतो. म्हणून त्या भागातून आलेल्या रुग्णाला गोळी देण्याआधी रक्त तपासावे, आणि तेही दिवसा, दहा ते दोनच्या दरम्यान. लोआची पिले दुपारीच रक्तात जास्त दिसतात. हत्तीरोगासाठी रात्री रक्त घेण्याची आपल्याकडची सवय इथे दोन्ही अर्थांनी चुकते.

ऑन्कोसर्कासाठी रक्ताऐवजी कातडीचा कण तपासतात. कमरेच्या हाडावरची कातडी सुईच्या टोकाने किंचित वर उचलायची आणि ब्लेडने किंवा खास चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा कापायचा. रक्त येता कामा नये. आले तर खोल गेलो असे समजावे, शिवाय रक्तातल्या दुसऱ्या जंतांची भेसळ होते. दोन्ही बाजूंचे मिळून निदान दोन, शक्यतो चार-सहा कण घ्यावेत. ते सलाइनच्या थेंबात ठेवायचे आणि अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पिले कातडीतून वळवळत बाहेर पडतात. काही दिसले नाही तर थेंब सुकू न देता २४ तासांनी पुन्हा पाहावे. हत्तीरोगाच्या पिलावर पातळ आवरण असते, याच्यावर नसते. डोळे तपासताना रुग्णाला आधी काही मिनिटे डोके गुडघ्यांत खाली घालून बसवतात. मग डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात तरंगणारी पिले वर येतात आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या उपकरणात दिसतात.

परदेशातून परतलेल्यांत निदान चुकण्याचे कारण साधे आहे. त्यांच्या अंगात पिले थोडी असतात, कातडीचा कण अनेकदा कोरा निघतो, आणि लक्षण सुरू होते ते तिथून आल्यावर वर्ष-दीड वर्षाने. एखाद्याच पायाला किंवा हाताला खाज, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. आपला डॉक्टर खरूज म्हणतो, खरजेवरही आयव्हरमेक्टिन देतो, चार-सहा महिने बरे वाटते आणि खाज परत येते. अशा वेळी ओव्ही-१६ ही रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते.

टाळण्यासाठी लस नाही, आधी घ्यायची गोळी नाही. नदीकाठी जाताना लांब बाह्या, लांब विजार, पायमोजे विजारीवर ओढलेले. कपडे फिक्या रंगाचे, कारण गडद रंग माशीला ओढतो. कपड्यांवर अर्धा टक्का परमेथ्रिन हे कीटकनाशक, उघड्या कातडीवर किडे दूर ठेवणारे २० ते ५० टक्के डीईईटी, आणि घामाने धुतले की पुन्हा लावायचे. तंबू, धुणे, जेवणाची जागा धबधब्यापासून आणि बंधाऱ्यापासून दूर. माशी काही किलोमीटर सहज उडत असल्याने दूर गेल्यावर धोका टळत नाही, चाव्यांची संख्या मात्र घटते.

अभियंत्यांसाठी थोडे वेगळे. धरण बांधले की मागचा खळाळ बुडतो आणि तिथली माशी संपते, पण सांडव्यावरून वाहणारा पातळ, वेगवान पाण्याचा थर तिला तयार घर देतो. दक्षिण सुदानमध्ये मरिदी येथे एका छोट्या धरणाचा सांडवा हेच माशीचे मुख्य उत्पत्तिस्थान निघाले. शक्य असेल तिथे दोन सांडवे ठेवून आलटून-पालटून वापरावेत, म्हणजे एक कोरडा पडून अळ्या सुकतात. पाळी आठवड्याहून लांबवू नये. लांबली तर अळ्यांचे कोश होऊन माश्या निघून जातात. काँक्रीटवर वाढलेले आणि पाण्यात लोंबणारे गवत कापत राहावे. उत्तर युगांडात गावकऱ्यांनी कोयत्यांनी नदीतली लोंबती झाडी छाटली आणि चावे झपाट्याने घटले. खर्च कोयत्यांचा. छाटणी पुन्हा पुन्हा करावी लागते, एवढीच त्याची अट.

पश्चिम आफ्रिकेत १९७४ पासून अळ्यांवरचा हल्ला औषधाने, मोठ्या प्रमाणावर झाला. व्होल्टा खोऱ्यातल्या सात देशांत, पुढे अकरा देशांत, हेलिकॉप्टरमधून खळाळांच्या वरच्या बाजूला टेमिफॉस हे अळीनाशक सोडत. पाण्यात त्याची मात्रा लिटरमागे ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, दहा मिनिटे. दर आठवड्याला फेरी का? अंड्यांवर औषध चालत नाही, कोश काही खात नाही, मरते ती फक्त अळी. एक फेरी चुकली की त्या आठवड्यातल्या अळ्या कोशात जाऊन सुटल्या. आणि हे वर्षानुवर्षे का, तर माणसांच्या अंगातल्या माद्या म्हाताऱ्या होऊन मरेपर्यंत. १९८० मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये माश्यांना टेमिफॉस पचू लागले. मग बीटीआय या जिवाणूसह वेगवेगळी औषधे नदीच्या पाण्यानुसार फिरवून वापरली. बीटीआय फार मोठ्या प्रमाणात लागते, म्हणून ते कमी पाण्याच्या हंगामासाठी. पावसाळ्याच्या वाऱ्यावर चारशे-चारशे किलोमीटरवरून माश्या येत राहिल्याने सीमा वाढवावी लागली. २००२ मध्ये कार्यक्रम संपला तेव्हा अडीच कोटी हेक्टर सोडून दिलेली जमीन पुन्हा कसण्याजोगी झाली होती. नायजर हा या रोगातून मुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळालेला आफ्रिकेतला पहिला देश, जानेवारी २०२५. त्याच्या आधी कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला. अमेरिका खंडात आता ब्राझील-व्हेनेझुएला सीमेवरचा यानोमामी लोकांचा जंगलपट्टा तेवढा उरला आहे.

जनावरांबद्दल आपल्या लेखात काहीच नव्हते. कॅमेरूनच्या गुरांत ऑन्कोसर्का ओचेंगी हा जंत सापडतो, आणि तो वाहते ती माणसांतला जंत वाहणारीच सिम्युलियम डॅम्नोसम माशी. गुरांच्या पोटाखाली, कासेजवळच्या कातडीत गाठी येतात. दोन्ही जंतांच्या अळ्या माशीत जवळपास सारख्या दिसतात. म्हणून रोग संपला की नाही हे पाहताना हजारो माश्यांची डोकी वेगळी करून त्यांची पीसीआर चाचणी करतात. डोकीच का, तर चावण्यास तयार अळी डोक्यात असते. धडातली अजून कच्ची. पीसीआर केली नाही तर गुरांचा जंत माणसांच्या खात्यावर मांडला जातो. युरोपात गुरांचा ऑन्कोसर्का लिएनॅलिस सिम्युलियम ऑर्नाटमने पसरतो. ती माशी बेंबीजवळ चावते आणि जंताची पिलेही नेमकी तिथल्याच कातडीत जमतात. उत्तर अमेरिकेत अस्वलांचा डायरोफायलेरिया हा जंत आणि बदकांचा एक रक्तजंत, दोन्ही काळ्या माश्यांचीच देणगी. अॅमेझॉनमध्ये माणसांतला मॅन्सोनेला ओझार्डी हा जंत चिलटांबरोबर याच माश्या पसरवतात.

आपल्याकडे काळ्या माश्या नाहीत असे नाही. दार्जिलिंगकडे त्यांना पिप्सा म्हणतात, ईशान्येत डिमडाम. सह्याद्रीच्या ओढ्यांतही सिम्युलियमच्या जाती आहेत. आपल्या गाई-म्हशींच्या महाधमनीत ऑन्कोसर्का आर्मिलाटाच्या गाठी कत्तलखान्यातल्या तपासणीत नेहमी दिसतात. तो माणसात येत नाही. तिकडून परतलेल्या एखाद्या रुग्णामुळे सह्याद्रीत रिव्हर ब्लाइंडनेस पसरेल अशी धास्ती नको. त्यासाठी पिले वाढवू शकणारी योग्य जातीची माशी हवी, आणि तिने अशाच रोग्यांना वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने चावत राहायला हवे. परतलेल्या माणसाने मात्र खाजेसाठी डॉक्टरकडे जाताना कोणत्या देशात, कोणत्या नदीजवळ आणि किती महिने होतो हे आपणहून सांगावे. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन स्वतःवर वापरू नये. त्याची मात्रा आणि द्रावण दोन्ही माणसासाठी नाहीत.

आपले,
परजीवीशास्त्राचे दोन निवृत्त शिक्षक, नागपूर